शेवटचा हात

क्लबच्या इतिहासातला सर्वांत आवडता खेळाडू निवडायला सगळे चाहते हॉलमध्ये जमले होते. जुन्या कप्तानाचं नाव निघालं आणि भराभर हात वर झाले.

"सुजलेल्या गुडघ्यावर अख्खा दुसरा हाफ खेळला पठ्ठ्या, आणि वर विजयाचा गोल!" गर्दीतला एक रंगारी ओरडला.

क्लबचे म्हातारे कंपाउंडरकाका तेवढे हाताची घडी घालून बसून राहिले.

"काय हो काका, आमच्या कप्तानानं तुमचं काय घोडं मारलंय?" रंगाऱ्यानं विचारलं.

हशा पिकला. दाराशी कुबड्यांवर उभा असलेला कप्तानही हसला. "अरे, त्यांना कशाला छळता? मध्यंतरात काकांनी इंजेक्शन दिलं नसतं, तर मी बाकावरच बसून राहिलो असतो. देवमाणूस आहे!"

काकांनी मान खाली घालून हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या मध्यंतरात कप्तानानं त्यांना विचारलं होतं, "काका, खेळलो तर पाय कायमचा जाणार नाही ना?"

"छे रे," काका म्हणाले होते. जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण सामना बरोबरीत होता, आणि काकाही क्लबचे चाहतेच होते.