नऊ तास

"नऊ तास!" तोदोरोकी खुर्चीतून उडालाच. चाळीस दिवस चालणारं गणित संगणकाने नऊ तासांत हातावेगळं केलं होतं. आनंदाच्या भरात या गड्याने आधी वेळ पाहिली आणि उत्तर मागाहून.

उत्तर 'नाही' असं होतं.

वादळाने वेधशाळेच्या चौसष्ट मीटरच्या रेडिओ-तबकडीचा पत्रा एका अंगाने चेपला होता. दुरुस्ती वसंतात होणार होती, आणि लघुग्रहाकडे गेलेल्या, महिनाभर मुक्या असलेल्या यानाची बॅटरी काही तोवर टिकणार नव्हती. चेपलेल्या पत्र्यावरून लहरी कशा विखुरतात आणि त्यातून यानाची क्षीण हाक ऐकू येईल का, एवढंच तोदोरोकीला काढायचं होतं. पत्र्याचे लाखो तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशोब लावायचा. या खेपेस त्याने लांबचे तुकडे एकेक न घेता गठ्ठ्याने घेतले. वेळ वाचला तो असा.

गणित चालू आहे तोवर तबकडी यानाच्या गटाकडे. उत्तर 'नाही' आलं की ती दुसऱ्या गटाला, असं ठरलं होतं. खाली गटातले अकरा जण यानाच्या हाकेसाठी पाळीपाळीने पडद्यावरच्या रेघेकडे डोळे लावून बसत. सकाळीच त्यांतल्या ओगिनोने तोदोरोकीच्या हातावर भाताचा गोळा ठेवत विचारलं होतं, "तोदोरोकी-सान, आज रेघ जराशी हलली हो. का मलाच भास होतोय?"

कागद घेऊन तो गटप्रमुख कुसाकांपुढे उभा राहिला. या यानापायी कुसाकांची बारा वर्षं गेली होती.

"ताडून पाहिलंस?"

"तीनदा, साहेब. माफ करा." तोदोरोकी कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला.

कुसाकांनी चष्मा काढला. मग खणातून एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. पेन्सिलीने केलेली ढोबळ आकडेमोड होती. खाली तेच उत्तर होतं. तारीख वादळाच्या दुसऱ्या दिवसाची.

"तुम्हाला माहीत होतं?" तोदोरोकी ताठ झाला. "मग हे काम मला कशाला दिलंत?"

कुसाकांनी खिडकीतून खाली पाहिलं. ओगिनो डबा आवरून पळत पाळीवर निघाली होती.

"कारण अख्ख्या वेधशाळेत सगळ्यात हळू प्रोग्रॅम तुझा होता, बाबा."