घरचं माणूस

बाजार उठत आला तरी सुमंगलाबाय आल्या नाहीत. वाचनालय सांभाळणारी विनिता जनेलाचे गज धरून पुन्हा रस्ता बघून आली.

साखळीच्या त्या वाचनालयात हल्ली पुस्तकांवर कोणी बोलतच नव्हतं. पूर्वी संध्याकाळी मंडळी जमायची, कोणी काय वाचलं ते सांगायची, 'हे वाचाच' म्हणून एकमेकांच्या हातात पुस्तकं कोंबायची. गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं आणि तीच मंडळी मराठी की कोकणी यावरून टेबलं बडवू लागली. पुस्तकं कपाटातच राहिली. अपवाद एकच, दर आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या लाटंबार्सेच्या सुमंगलाबाय.

त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. सभासद व्हायला आल्या तेव्हा विनिताने नाव विचारलं, तर म्हणाल्या, "संदीपचं घाल गो. पोटचा झील माझा. वास्कोला खनिजाच्या बार्जवर असतो, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. घर त्याच्याच नावावर आहे."

पुस्तक त्या पिशवीत तळाला ठेवायच्या, वर भाजी रचायच्या. परत आणून देताना डोळे मिटून निरोप सांगायच्या, एक शब्द गाळायच्या नाहीत.

"घरचं माणूस म्हणतं, ती विधवा शेवटी दिराला माफ करते ते खोटं. लिहिणाऱ्याला घाई झाली होती."

त्याच शेवटावर विनिता ढसाढसा रडली होती. तिला राग आला. "सांगा म्हणावं, माफ केलं नसतं तर ती जगली कशी असती?"

पुढच्या बाजाराला उत्तर आलं. "घरचं माणूस म्हणतं, माफ न करतासुद्धा माणसं जगतात. रोज रांधतात, वाढतात, हसतातसुद्धा. कोणाला कळत नाही."

विनिता त्या दिवशी जेवली नाही. बाईचं मन एवढं ओळखणारा पुरुष तिला पुस्तकातही भेटला नव्हता.

मग ती निवडून पुस्तकं पाठवू लागली. आधी स्वतः वाचायची, कुठल्या पानावर संदीप थांबेल याचा अंदाज बांधायची. कधी तिकडून शिफारस यायची: एका जुन्या प्रवासवर्णनाची, नाहीतर कपाटाच्या मागे पडलेल्या कथासंग्रहाची. ती शोधून काढायची आणि रात्रीत संपवायची. त्याचं लग्न झालंय का, हे विचारायला मात्र जीभ रेटली नाही. घरात सून असती तर म्हातारीला पिशवी घेऊन कशाला यावं लागलं असतं, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं.

वडिलांनी, गोकुळदासांनी, पेडण्याचं स्थळ आणलं. रुद्रेश, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. विनिताने त्याला विचारलं, "अलीकडे काय वाचलंत?"

"वेळ कुठे मिळतो?" तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिने नकार कळवला. गोकुळदास कपाळाला हात लावून बसले. "अगो, वाचणारा नवरा काय आकाशातून पडणार?"

विनिताने पुढच्या बाजाराचं पुस्तक काढून ठेवलं.

त्यानंतर आंदोलकांनी रस्त्यांवर झाडं आडवी पाडली, बसगाड्या बंद झाल्या. झाडं हटली, गाड्या सुरू झाल्या, तरी सुमंगलाबायचा पत्ता नाही. विनिताचं कशात लक्ष लागेना. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर लिहिलं गेलं, चुलीवरचं दूध उतू गेलं. शेवटच्या खेपेला तिने आपली सगळ्यात आवडती कादंबरी पाठवली होती. त्याला ती आवडली नसेल का? की तिने फार जवळीक दाखवली असं वाटलं?

एका सकाळी डिचोलीला काम आहे सांगून ती घरातून निघाली, डिचोलीला गाडी बदलली आणि लाटंबार्सेला उतरून विचारत विचारत सुमंगलाबायच्या घरी पोचली. पिशवीत नवी कोरी कादंबरी होती.

अंगणात एक उंच माणूस लाकडं फोडत होता. तिला बघताच त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, खुर्ची पुसून पुढे केली.

"संदीप तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही कुठल्या?"

"साखळीच्या वाचनालयातून आले. सुमंगलाबाय दिसल्या नाहीत म्हणून..."

"गुडघे धरलेत तिचे. बाजार बंद केलाय मी तिचा." तो गोंधळून हसला. "पण वाचनालयात तिचं काय काम?"

विनिताने कादंबरी पुढे केली. "हे तुमच्यासाठी आणलंय."

तेवढ्यात सुमंगलाबाय भिंतीला धरत दारात आल्या. पुस्तक बघून त्यांचा चेहराच उतरला. मुलाच्या पाठीमागून त्या विनिताकडे बघून नकारार्थी मान हलवत राहिल्या.

"माझ्यासाठी?" संदीप म्हणाला. "बाय, शाळा सोडल्यापासून मी पुस्तकाला हात लावलेला नाही. आईला अक्षर येत नाही. बायकोला होतं ते वेड. लग्न होऊन आली ती ट्रंकभर पुस्तकं घेऊनच. सगळी चुलीत घातली, तेव्हा कुठे संसाराला लागली."

हे त्याने रागाने सांगितलं नाही. पोराची अंगठा चोखायची सवय मोडल्याचं सांगावं, तसं कौतुकाने सांगितलं.

'बायको' हा शब्द विनिताच्या कानात घुमत राहिला. आपण कुणासाठी एवढं झुरत होतो? तिला तिथून पळून जावंसं वाटलं. पण दारात सुमंगलाबाय हात जोडून उभ्या होत्या.

"मग दुसऱ्या कोणा सुमंगलाबायचं घर असेल," ती कशीबशी म्हणाली आणि पुस्तक पिशवीत ढकललं. "मीच चुकले."

"असेल, असेल. बसा, परतीची गाडी कधी आहे ते विचारून येतो." तो वहाणा चढवत आत वळून ओरडला, "दिपाली, पाणी दे गो ह्यांना!" आणि रस्त्याकडे गेला.

पिठाच्या हातांनी तांब्या घेऊन एक बारीकशी बाई बाहेर आली. विनिताला मान वर करवेना. बाईने वाकून तांब्या तिच्या हातात दिला, रस्त्याकडे एकदा बघितलं आणि हळूच, पण ठामपणे म्हणाली,

"विनिताबाय, मागची कादंबरी मला नाही पटली."