गोल कोपरे

एकही स्क्रू न दिसता नंबर प्लेट बसवावी तर त्यानेच, असं त्याचं नाव होतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरायचा आणि तिचे कोपरे कात्रीने गोल कापायचा, म्हणजे ते उचकटत नाहीत.

त्या दुपारी आलेल्या माणसाने नवी प्लेट स्वतःच आणली होती. "स्क्रू नको. आणि जरा लवकर करा."

बंपरवरची धूळ पुसताच खालचा ओळखीचा ओरखडा दिसला. मागच्याच आठवड्यात ताईने गाडी मागे घेताना ती त्याच्या दुकानाच्या खांबाला घासली होती. ही ताईचीच गाडी. आणि ताई सकाळपासून फोन उचलत नव्हती.

ओळख दाखवायची नाही, त्याने स्वतःला बजावलं. हा गेला की लगेच पोलिसांना फोन लावायचा. मान खाली घालून त्याने रोजच्यासारखी टेप कापली, कोपरे गोल केले, प्लेट दाबून बसवली.

"झालं बघा, साहेब."

माणूस त्याच्या कात्रीकडे बघत राहिला. मग त्याने दुकानाचं शटर आतून खाली ओढलं.



"मी जुनी प्लेट उपटली ना, तिच्या टेपचे कोपरेही असेच गोल होते."