मिठाशेजारची बरणी

किमयाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि नेमकी तेव्हाच जनीची नजर फळीवर गेली. मिठाच्या शेजारची बरणी उघडी होती. झाकण उलटं पडलं होतं आणि त्यात जवळ्याची, सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चिमूटभर पूड सांडली होती.

जनीने डाव पातेल्यातच सोडला.

"आये, वाढ ना. करी पण दे अजून."

तिने वाढली.

दोन वर्षांत पोरीने या घरातलं पाणी सोडून काही तोंडात घातलं नव्हतं. मासळी नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही, मधसुद्धा नाही. पुण्याहून यायची ती स्वतःचा डबा घेऊन, आणि पडवीत बसून खायची, कारण घरातल्या भांड्यांना मासळीचा वास येतो. खाडीकाठच्या भांड्यांना मासळीचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? पण जनी कधी बोलली नाही. आईच्या हातचं लेकीला चालत नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला? पूर्वी नवरा, कमळाकर, डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की त्याच्यावर खेकसून ती मोकळी व्हायची. तो गेल्यापासून तीही सोय उरली नव्हती.

म्हणून या खेपेला तिने चंगच बांधला. किमयाला थाई जेवण आवडतं, एवढं तिला ठाऊक होतं. शेजारच्या अनिताने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. बघते तर काय, नारळाचं दूध, हिरव्या मिरच्या, आलं, कोथिंबीर, लिंबाची पानं, गवती चहा. "ह्ये तं समदं आपल्या परसातलंच हाय गो!" जनी हरखून म्हणाली होती. मग पेणच्या बाजारातून तिने नवं पातेलं आणलं, नवा डाव आणला, टोफू नावाचं ते सोयाबीनचं पनीरही कुठून कुठून मिळवलं. बोंबलांची माळ आणि सुकटीचं डालगं उचलून अनिताकडे ठेवून आली. घर दोनदा पुसलं.

मिठाशेजारची बरणी तेवढी राहिली. तिला मासळीत मोजायचं असतं हे जनीच्या ध्यानातच आलं नाही. दुधी असो, भोपळा असो, वांगं असो, भाजीत चिमूटभर जवळा पडायचाच, आणि त्याला या घरात कधी कुणी मासळी म्हटलं नव्हतं. या थाई करीत वांगं होतं. वांगं शिजायला लागलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हात बरणीत गेला. तिला कळलंसुद्धा नाही.

"तुला सांगू, पुण्यात मी चार हॉटेलं पालथी घातली," किमया घास घेता घेता म्हणाली. "सगळीकडे काहीतरी कमीच लागायचं. हे सगळं सोडायच्या आधी ऑफिसच्या ट्रिपला बँकॉकला खाल्ली होती ना, सेम ती चव. काय घातलंस तू?"

"काय नाय गो. परसातलंच."

किमया बोटं चाटत होती. लहानपणी अशीच जेवायची, मांडी घालून, नाकाच्या शेंड्यावर घाम येईपर्यंत. जनीने डोळे भरून पाहून घेतलं. मग मन घट्ट केलं. हा काही उपास नव्हता, देवापुढे नाक घासून सुटायला. सांगायलाच हवं होतं.

"किमे, आयक. मला तुला येक सांगायचं…"

"थांब, आधी माझं ऐक." किमयाने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "मी दर वेळी डबा घेऊन येते, तुझ्या मनाला किती लागत असेल, ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? त्यापायी मलाच यायला नकोसं व्हायचं. आता दर महिन्याला येईन. चार दिवस राहीन. तू फक्त हेच करायचं. अगदी असंच. काही बदलायचं नाही."

दोन वर्षं ज्यासाठी जनी देवाला नारळ बोलत होती, ते मिळालं होतं, आणि ते पोरीला फसवून मिळालं होतं.

"करीन," ती म्हणाली.

पडवीतली मांजर उठली. किमयाच्या डब्याला तिने दोन वर्षांत कधी हुंगूनही पाहिलं नव्हतं. आज ती सरळ चालत आत आली आणि ताटात तोंड घातलं.

किमया हसली. "बघ आये, हिला पण आवडलं!"

मांजर डोळे मिटून चाटत होती. किमयाचं हसणं हळूहळू थांबलं. तिने मांजरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग आईची नजर जिथे चिकटली होती त्या फळीकडे पाहिलं. झाकण अजून तसंच उलटं होतं.

"हात गेला गो माझा," जनी म्हणाली. "आपसूक गेला. देवाशप्पत."

किमया उठून मोरीवर गेली. चुळा भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती रागावली असती, ताट भिरकावलं असतं, तर जनीला निदान रडता तरी आलं असतं.

ती परत आली. ओला हात तिने आईच्या खांद्यावर ठेवला.

"असू दे, आये." इतक्या मायेने म्हणाली की जनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुढच्या वेळी मी डबाच आणीन."

मांजरीने तोवर ताट चाटून लख्ख केलं होतं.