बाबांच्या आवाजातलं घड्याळ

"सात वाजून पन्नास मिनिटं," कॉम्प्युटर बाबांच्या आवाजात म्हणाला. मला दिसत नाही, म्हणून ही सोय त्यांनीच करून दिली होती. कंट्रोल, अल्ट आणि टी एकदम दाबलं की वेळ ऐकू यायची. त्यासाठी सगळे आकडे त्यांनी स्वतः बोलून भरले होते.

माझी एसटी नऊला सुटणार होती. आज पुण्यात नोकरीवर हजर झाले नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. फोन कालच बाबांनी दुरुस्तीला दिला होता. "एकटीनं कसं होणार गं तुझं तिथं?" असं महिनाभर विचारणारे बाबा आज तो विषयच काढत नव्हते.

"चिकार वेळ आहे, बाळा. पोहे घे अजून," ते म्हणाले. मी लिंबू पिळून सावकाश खात बसले.

तेवढ्यात नगरपालिकेचा भोंगा झाला. आमच्या गावात तो रोज नऊलाच होतो. जन्मभर ऐकून ऐकून बाबांना तो ऐकूच येईनासा झाला असणार, नाहीतर त्यांनी त्याचाही विचार केला असता.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी चाचपडत कॉम्प्युटरपाशी गेले आणि तीन बटणं दाबली.

"आठ वाजून एक मिनिट," आतले बाबा लगेच बोलले.

"आता तुम्ही सांगा, बाबा. किती वाजले?"