कार्डावरची लाल रेघ

“हात हलवू नको रंजू. उतरावं लागंल मला.”

गौलीगुड्याच्या स्टँडवर, बसच्या खिडकीतून बाप असं म्हणाला होता. इथून मुंबई, मुंबईहून बोट. पाच वर्षांच्या रंजनाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. तो गेला तो गेलाच.

सत्तेचाळीस वर्षांनी ती आबिड्सच्या सायबर कॅफेत बसली होती. घराच्या वरच्या खोलीतली भाडेकरू मेधा, पुण्याची, कॉम्प्युटर कंपनीतली, परदेशी बोटींवरच्या खलाशांची जुनी कार्डं एकामागून एक उघडत होती.

“मावशी, एवढी शोधाशोध माझ्या आईने स्थळांसाठीसुद्धा केली नाही हो!”

रंजना हसली नाही. तिला एवढंच कळायला हवं होतं, की बापाच्या मनात आपण होतो का.

“हे बघा, तुमचे वडील, हिम्मतराव! फोटोपण आहे!”

तोच. हनुवटीवरचा तीळसुद्धा. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात एकच नाव होतं: रंजना, मुलगी, चिक्कडपल्ली. रंजनाचे डोळे भरून आले. चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिलं, तेव्हा नावावरची लाल रेघ दिसली. बाजूला लिहिलं होतं, ‘मयत, १९६४’.

“कारकुनाची चूक असेल, मावशी.”

“कारकुनाला काय स्वप्न पडलं? बापाने सांगितलं, त्याने लिहिलं. लेक मेली म्हटलं की सुटला माणूस. बंद कर ते.”

घरी तिची आई भामा अंबाडी निवडत बसली होती. पंचाहत्तरी उलटली, तरी कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“घावला का गं?”

ज्याच्या नावाचं कुंकू लावतेस त्याने तुझी लेक कागदावर मारून टाकली, हे कसं सांगावं? रंजना खोटं बोलली.

“बोट बुडाली, आई. गेला त्याच वर्षी. आपल्याला विसरला नव्हता तो.”

भामाचे हात थांबले.

“छप्पनला बुडाला? मग चौसष्टला दारात कोण आलतं?”

“आई?”

“मला न्हाई, एकट्या तुला न्यायला आलता. म्या सांगितलं, देवी आल्या, पोरगी गेली. उंबऱ्यावर बसून लई रडला.” भामाने पुढची काडी उचलली. “तू शाळेत होतीस तवा.”