माशांचा घास

डोळे मिटा आणि बघा बरं: बैठकीत काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि जांभळं प्रवाळ. आता त्या प्रवाळावर केसांसारखं हिरवं शेवाळ पसरलेलं बघा.

शाल्मलीचा काका टूथब्रशने ते खरवडत होता. त्याने खिडकीला पडदा लावला, पाणी बदललं, तरी शेवाळ पुन्हा वाढायचंच.

"प्रवाळ गुदमरतंय गं," तो शाल्मलीला म्हणाला. "मला नाही जमत हे. रविवारी टाकी देऊन टाकतो कुणाला तरी."

"भावोजी, शेवाळ कुठे पळून जातंय का?" आईने आतून हाक मारली. "आधी जेवायला या!"

शाल्मली ताटावर बसली होती. आपल्या आधी मुक्या जिवाला घास द्यावा, हे आईनेच शिकवलेलं. गावी त्यासाठी गाय होती. इथे चौथ्या मजल्यावर मासेच होते. त्यांना खाणं फक्त काका घालायचा, म्हणून ती रोज वरणभाताचा घास गुपचूप टाकीतल्या दगडामागे सोडायची. काल काका म्हणाला होता, "आत काहीतरी कुजतंय. त्यावरच हे शेवाळ पोसतंय." तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

आजही तिने घास उचलला आणि ती टाकीपाशी गेली. पण झाकण उघडलं नाही. काकासमोर तिने मूठ उघडली.

"रोज मीच घालते यांना," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडचा टूथब्रश मागितला.